बेळगावात पहिलं घर: उपनगर नंतर, आधी गल्ली

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा उद्यमबागेत कामाला, बायको नेहरूनगरकडे नोकरीला, मुलगी तिसरीत, सासूबाई सोबत. हाताशी १५ लाख, बाकी कर्ज. शहर सोडायचं नाही. मग टिळकवाडीत फ्लॅट घ्यावा, शहापुरात जुनं घर घ्यावं, की वडगाव-अनगोळच्या कडेला स्वतंत्र घर बघावं?

तिन्हीकडे घेण्यासारखी घरं आहेत, आणि तिन्हीकडे आयुष्यभराची पुंजी अडकवणारीही आहेत. त्यामुळे ‘टिळकवाडी चांगली की शहापूर’ या वादात फार वेळ घालवू नका. दोन उपनगरं नक्की करा आणि त्यांतल्या पाच-सहा गल्ल्या पायी फिरा. घर बघताना आधी कागद, मग पावसाचं पाणी, मग इमारत, मग कामाचं अंतर आणि सगळ्यात शेवटी भाव, हा क्रम मोडू नका. बहुतेक लोक भावापासून सुरुवात करतात. स्वस्त दिसलं म्हणून मन बसतं आणि मग कागदातलं भोक दिसलं तरी ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून पुढे जातात.

तरीही तुमच्या खिशाची मर्यादा आधी ठरवून घेऊ, म्हणजे बघायचं काय ते कळेल. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत कर्ज असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते. नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तो पूर्ण तुमच्या खिशातून जातो. शहरात मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावरचे सेस आणि सरचार्ज धरून ५.६ टक्के, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी १ वरून २ टक्के झाली आहे. एकूण ७.६ टक्के. म्हणजे ४७ लाखांच्या घराला कर्ज ३७.६ लाख, तुमचे ९.४ लाख, नोंदणीचे जवळपास ३.५७ लाख. तुमच्या १५ लाखांतले दोन लाख उरतात, त्यात वकील, किरकोळ दुरुस्ती आणि सामान हलवणं बसवायचं. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता ३२,६०० च्या आसपास येतो. यापेक्षा वर जाऊ नका.

हे गणित फ्लॅटला जमतं, जुन्या घराला जमेलच असं नाही. बँकेचा मूल्यांकन करणारा जुन्या कौलारू घराची किंमत व्यवहारापेक्षा कमी धरतो, कारण इमारतीचं उरलेलं आयुष्य तो मोजतो. ठरलं ४७ लाखांना आणि त्याने धरले ४० लाख, तर कर्ज ३२ लाखच. मग तुमच्याकडून १५ लाख घराला आणि वर ३.५७ लाख नोंदणीला. साडेतीन लाख कमी पडले, तेही संचकार, म्हणजे बयाणा, देऊन झाल्यावर. म्हणून जुन्या घराचा संचकार देण्याआधी बँकेकडून मूल्यांकनाचा अंदाज घ्यायचाच.

फ्लॅट घेणार असाल तर एक सवलत लक्षात ठेवा. नव्या फ्लॅटची पहिलीच विक्री असेल आणि किंमत ४५ लाखांच्या आत असेल, तर मुद्रांक शुल्क ५ ऐवजी ३ टक्के लागतं. ४५ लाखांवर साधारण एक लाख वाचतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी येतो: ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्र, ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलात तर जीएसटी नाही. आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नाही. पुष्कळांना हे नोटीस आल्यावरच कळतं.

आता भाग. तुमच्या नोकऱ्या शहराच्या दोन टोकांना आहेत, उद्यमबाग दक्षिणेला आणि नेहरूनगर उत्तरेला. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ हे उद्यमबागेच्या बाजूचे, शहापूर मधलं, वडगाव त्याच्या पलीकडे. नकाशावरचं अंतर इथे फसवतं. टिळकवाडीत रेल्वेगेट मध्ये येतं का, शहापुराहून निघाल्यावर कपिलेश्वर पूल सकाळी साडेनऊला कसा असतो, हे दोघांनी आपापल्या वेळेला दुचाकीवर जाऊन बघायचं. रविवारी दुपारी घेतलेल्या वेळेला काही अर्थ नाही.

टिळकवाडी-हिंदवाडीत रस्ते सरळ आणि रुंद, शाळा-कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरावर. जुन्या बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट झाली आहेत. तुमच्या पैशात तिथे स्वतंत्र घर बसणार नाही, फ्लॅटच बघावा लागेल, आणि तोही बहुधा काही वर्षं वापरलेला. लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती बऱ्याच आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून तिसरा मजला यादीतून आत्ताच काढून टाका.

शहापूर, खासबाग, वडगाव हा विणकरांचा भाग. गल्लीतली माणसं, बाजार, देऊळ, रिक्षा, सगळं दाराशी. मुलगी शाळेतून आल्यावर घरी कुणी नसलं तरी गल्ली तिच्याकडे बघते, हा फायदा कुठल्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो. तोटा असा की शेजारी माग असेल तर त्याची धडधड भिंतीतून येते. मागाच्या शेजारचं घर दुपारी बाराला बघू नका, वीज असताना रात्री नऊला जाऊन आतल्या खोलीत दहा मिनिटं बसा. भिंतीला तळहात लावला की हादरा कळतो. सामाईक भिंत असेल तर वर्षानुवर्षांच्या हादऱ्याने गिलावा सुटलेला असतो, नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. गाडीचा विचारही करा. गल्लीत गणपतीचा मंडप पडला की अकरा दिवस गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावायची तयारी हवी.

वडगाव, अनगोळ, जुने बेळगाव यांच्या कडेला स्वतंत्र घर तुमच्या पैशात मिळू शकतं, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. त्याचं कारण कागदांत येईल. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, बऱ्याच बंगल्यांची जमीन संरक्षण खात्याची असते आणि विकणारा फक्त इमारत विकू शकतो, त्यामुळे पहिल्या घरासाठी तो विचार सोडा. रामतीर्थनगरसारख्या बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) वसाहतींत कागद साधारण स्वच्छ असतात, पण मूळ वाटप लीज-कम-सेल, म्हणजे आधी भाडेपट्टा आणि नंतर विक्री, असं असेल तर त्याचं पक्कं खरेदीपत्र झालं आहे ना ते बघा. शिवाय उद्यमबाग तिथून लांब पडतं.

कागदांकडे येऊ. शहरातल्या जुन्या मिळकतीची नोंद दोन ठिकाणी असते: सिटी सर्व्हे ऑफिसात प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे सीटीएस नंबराखाली, आणि महानगरपालिकेत खाते उताऱ्यावर. ऑक्टोबर २०२४ पासून पालिकेचं ई-खाते असल्याशिवाय नोंदणी होत नाही, त्यामुळे विकणाऱ्याने ते काढलेलं असतं. पण ई-खाते दाखवलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. ती कराची नोंद आहे. मालकी बघायची ती खरेदीपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र यांच्या साखळीत. ३० वर्षांची साखळी मागा. ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, तेवढ्याच काळाचा काढा. तो कावेरी या सरकारी नोंदणी पोर्टलवरून तुम्हाला स्वतः काढता येतो (फार जुन्या वर्षांसाठी उपनिबंधक कार्यालयात जावं लागू शकतं), विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. आणि ईसीत फक्त नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी, नोंद न केलेलं संचकारपत्र, कोर्टातला दावा त्यात दिसत नाही.

आता सगळे कागद कन्नडमध्ये येतात, आणि इथे आपली मराठी माणसं वकिलाने ‘ठीक आहे’ म्हटलं की मान हलवतात. पूर्ण कन्नड येत नसेल तरी दहा शब्द शिकून घ्या. क्रयपत्र म्हणजे खरेदीपत्र. ऋणभार म्हणजे बोजा. अडमान म्हणजे गहाण. वारसुदार म्हणजे वारस. अडी म्हणजे फूट. आणि सगळ्यात महत्त्वाचा, चक्कुबंदी, म्हणजे चतुःसीमा. चक्कुबंदीच्या ओळी काढून कागद हातात घेऊन दारात उभे राहा: पूर्वक्के, पश्चिमक्के, उत्तरक्के, दक्षिणक्के. प्रत्येक बाजूला कागदात लिहिलं आहे तेच आहे का? जुन्या खरेदीपत्रात ‘उत्तरेस सामाईक बोळ’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात त्या बोळात शेजाऱ्याची न्हाणी उभी असते. मग तुमची ड्रेनेजची पाइप मागून जाणार नाही, मागच्या खोलीची खिडकी बंद, आणि पुढे नवीन बांधताना भांडण ठरलेलं. परड्यातली विहीर सामाईक असेल तर त्यातला हिस्सा आणि तिथे जायची वाट दोन्ही कागदात लिहिलेली हवीत.

मग टेप लावा. प्रॉपर्टी कार्डावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट येतात. कार्डावर ७४.३ असेल तर ते ८०० चौरस फूट. टेपने ८६० भरले तर खूश होऊ नका. वरचे ६० फूट कुणाचे तरी आहेत, बहुधा रस्त्याचे किंवा बोळाचे. पैसे ८०० चेच द्यायचे. रस्ता रुंदीकरणाची रेषा घराला कापते का, ते बुडाच्या विकास आराखड्यात आणि पालिकेत लेखी विचारा. जुन्या पेठांत दर्शनी चार-पाच फूट गेले तर पुढची खोलीच जाते.

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव मुंबई इलाख्यात. त्यामुळे जुन्या घरांचे मूळ कागद मराठीत, कधी मोडीतही निघतात. ते रद्दी समजून बाजूला टाकू नका. बोळ, विहीर, सामाईक भिंत यांचे हक्क बऱ्याचदा त्याच कागदांत लिहिलेले असतात. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर आणि बँकेच्या वकिलासाठी भाषांतर करून घ्या, त्याला आठ-पंधरा दिवस धरा.

जुन्या घराचा व्यवहार मोडतो तो मुख्यतः वारसांवर. वडिलांच्या नावावरचं घर तीन भाऊ विकतात, दोन बहिणी हुबळी-कोल्हापूरला दिलेल्या. भाऊ सांगतात, ‘त्यांचं लग्नात सगळं केलंय, त्या काही मागणार नाहीत.’ हे कायद्यात चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना कर्नाटकाने १९९४ मध्येच हक्क दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर आला. प्रत्येक बहिणीची खरेदीपत्रावर सही हवी, किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. शंभर रुपयांच्या स्टँपवरची नोटरी चालत नाही. वारलेल्या भावाची मुलं अल्पवयीन असतील तर त्यांच्या हिश्श्यासाठी कोर्टाची परवानगी लागू शकते, आणि त्यात महिने जातात. वंशावळ मागा, तीतल्या प्रत्येक नावापुढे ‘हयात, सही करणार’ किंवा ‘मृत, वारस हे’ असं लिहा. एकही नाव मोकळं राहिलं तर संचकार देऊ नका. वकिलामार्फत एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या आणि हरकतीला १५ दिवस ठेवा. खर्च थोडा आहे, आणि लपलेला वारस किंवा जुनं संचकारपत्र यातूनच बाहेर येतं.

वडगाव-अनगोळच्या कडेचा धोका वेगळा. तिथे शेताचे गुंठे पाडून विकलेले प्लॉट आहेत. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एनए (बिगरशेती) झालेलं नाही, लेआउट मंजूर नाही, फक्त पहाणीत, म्हणजे शेतजमिनीच्या उताऱ्यात, हिस्सा म्हणून नाव चढवलेलं, आणि त्यावर दुमजली घर. अशा घराला पालिका आता बी खाते देते, म्हणजे रीतसर मंजुरी नसलेल्या मिळकतींची वेगळी नोंद; मंजूर मिळकतींचं ते ए खाते. त्यामुळे कर भरता येतो, पण बहुतेक बँका कर्ज देत नाहीत आणि रीतसर बांधकाम परवाना मिळत नाही. दलाल म्हणेल, ‘बी चं ए होतं.’ होईल तेव्हा होईल, तुम्ही आजच्या कागदाला पैसे देता आहात. एनए आदेश, मंजूर लेआउटची प्रत, त्यात तुमचा प्लॉट नंबर आणि ए खाते, हे चारही असतील तरच पुढे जा. जमीन कुळाची, वतनाची किंवा सरकारने दिलेली होती का, हेही वकिलाला जुन्या उताऱ्यांवरून स्वतंत्र बघायला सांगा.

आता पाऊस. बेळगावात घर बघायचा खरा महिना जुलै. शक्य असेल तर नोंदणी तोपर्यंत लांबवा. नसेल तर खुणा वाचायला शिका. ऑगस्ट २०१९ मध्ये शहरात पाणी कुठे शिरलं होतं, हे शेजारच्या तीन घरांत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात विचारा. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. बळ्ळारी नाल्याच्या जवळचा भाग, त्याला मिळणाऱ्या लहान नाल्यांच्या कडा, शास्त्रीनगरकडचा सखल पट्टा इथे विशेष लक्ष द्या. भिंतीवर जमिनीपासून ठरावीक उंचीवर सरळ आडवी पांढरी रेघ, दाराच्या चौकटीचा खालचा भाग फुगलेला, स्विचबोर्ड मुद्दाम वर घेतलेले, ही पाणी येऊन गेल्याची चिन्हं आहेत. फक्त खालच्या दोन फुटांचा रंग ताजा असेल तर नक्कीच विचारा.

जुन्या गल्ल्यांतली वेगळी अडचण म्हणजे रस्ता वर आला आहे आणि घर तिथेच राहिलं आहे. दर वेळी डांबर नाहीतर काँक्रीट चढतं आणि उंबरा रस्त्याच्या खाली जातो. मोजणं सोपं आहे. गवंड्याकडची पारदर्शक नळी पाण्याने भरा, एक टोक रस्त्याच्या मधल्या उंच भागावर धरा, दुसरं घरातल्या फरशीवर. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. फरशी रस्त्यापेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवी. १५ च्या आत असेल तर मोठ्या सरीला रस्त्याचं पाणी आत येईल. खाली असेल तर संडासातून ड्रेनेज उलटं येण्याचीही भीती असते, कारण चेंबर तुंबला की पाणी सगळ्यात खालच्या घरात निघतं. हे दुरुस्त करायचं तर फरशी भरून घ्यावी लागते, मग दारं कापायची, छत बुटकं होतं. तो खर्च भावातून वजा करून बोला.

पश्चिमेची भिंत नीट बघा. आपल्याकडे झड पश्चिमेकडून बसते. त्या भिंतीला आतून पोपडे, काळी बुरशी, कपाटामागे कुबट वास असेल तर नुसत्या रंगाने ते जाणार नाही. फ्लॅटचा वरचा मजला असेल तर गच्चीवर पत्रा आहे का, आणि तो परवानगीने आहे का, ते विचारा. वडगाव-जुने बेळगावकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भेगेत एक रुपयाचं नाणं उभं शिरत असेल तर सिव्हिल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. गिलाव्यातल्या केसासारख्या रेषांना घाबरायचं कारण नाही.

कौलारू घरात तुळया आणि खांबांच्या बुडात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी आहे. पाडून नवीन बांधायचा विचार असेल तर गल्लीत वाळूचा टिपर शिरतो का, हे आधी बघा. शिरत नसेल तर सगळा माल बाहेरून टोपल्यांनी आणावा लागतो आणि मजुरी चांगलीच वाढते. छोट्या प्लॉटवर नियमाप्रमाणे जागा सोडल्यावर काय उरतं, ते आर्किटेक्टकडून कागदावर काढून घ्या. जुनं घर कडेपर्यंत आहे म्हणून नवंही कडेपर्यंत बांधता येईल असं नाही.

पाण्याबद्दल इतकंच. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी शहराला येतं, पण काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास आहे आणि काही ठिकाणी काही दिवसांआड. तुमच्या गल्लीत किती दिवसांनी, किती वाजता आणि वरच्या टाकीपर्यंत दाबाने चढतं का, ते नळ सोडणाऱ्या माणसाला विचारा. अपार्टमेंटमध्ये टँकरची बिलं मार्च ते मे या महिन्यांची मागा.

फ्लॅटच्या क्षेत्राबाबत फसू नका. १२०० चौरस फूट सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटा धरून, असेल तर वापरायला बऱ्याचदा ८५०-९०० च. स्वतः मोजायचं तर फरशा मोजा: दोन बाय दोनची एक फरशी चार चौरस फूट. आठ फ्लॅटपेक्षा जास्त किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या नव्या प्रकल्पाला रेराची (घरप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी हवी, आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. जुन्या इमारतीत मंजूर नकाशाशी तुलना करा. पार्किंगमध्ये काढलेली खोली किंवा वरचा जादा मजला असेल तर तो फ्लॅट सोडा. तुमच्या खरेदीपत्रात जमिनीतला अविभक्त हिस्सा चौरस फुटांत लिहिलेला असला पाहिजे.

संचकारपत्र करताना रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या. २० हजार आणि त्यावरची रोकड घरव्यवहारात कायद्याने चालत नाही. ‘अर्धे रोख’ असं म्हणणाऱ्याकडे कर्जावर घर घेणाऱ्याने जाऊच नये. त्या पैशांची पावती नाही आणि व्यवहार मोडला तर ते परत येत नाहीत. संचकारपत्रात तीन अटी घाला: बँकेच्या वकिलाने कागद नाकारले तर पूर्ण रक्कम परत, मोजणीत क्षेत्र कमी आलं तर त्या प्रमाणात किंमत कमी, आणि ताबा रिकामा, भाडेकरूशिवाय.

माझा कल विचाराल तर तुमच्या घराला हिंदवाडी-भाग्यनगर पट्ट्यातला पहिल्या मजल्यापर्यंतचा, ४५ लाखांच्या आतला फ्लॅट आधी बघावा, आणि त्याच वेळी शहापुरातलं उंच जोत्याचं, ज्याचे सगळे वारस सही करायला तयार आहेत असं घर शोधत राहावं. दुसरं मिळालं आणि बँकेचं मूल्यांकन जुळलं तर तेच घ्या, जमीन तुमची राहते. कडेचा गुंठा मात्र या बजेटमध्ये नको.

नोंदणी झाली की लोक निश्चिंत होतात आणि इथे शेवटची चूक होते. पालिकेच्या ई-खात्यावर नाव चढलं तरी सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर ते चढलं आहे की नाही, हे तिथे जाऊन बघावं लागतं. नसेल तर खरेदीपत्राची प्रत जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. हेस्कॉम या वीज कंपनीचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, आणि पाण्याची जोडणी तुमच्या नावावर करा, जुनी थकबाकी आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते. आणि मूळ कागद बँकेत ठेवण्याआधी प्रत्येक पानाचं, मोडीतल्या कागदांसकट, स्कॅन करून ठेवा. बँकेने काय काय ताब्यात घेतलं त्याची पानसंख्येसह यादी शिक्का मारून घ्या. २० वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा याच यादीवरून कागद परत मोजून घ्यायचे आहेत.